लाईट मंद झाली की बॅटरीच बदलायची काय?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पावसाळ्याआधी गाडीची काय काय तयारी करावी ते आलं होतं. टायर, वायपर, ब्रेक सगळं बरोबर होतं, पण त्यात एक वाक्य होतं की हेडलाईट मंद पडत असतील तर बॅटरी बदलून घ्यावी, आणि असल्याच सल्ल्यापायी माझे चौदा हजार गेलेत म्हणून हे पत्र.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोल. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणात ती हेडलाईटच्या वरपर्यंत पाण्यात होती. वाशिष्ठीचं पाणी कसं चढलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. गाडी खोलली, सीटा वाळवल्या, गाळ काढला, आणि नंतर तीन वर्षं बिनतक्रार चालली. मग गेल्या पावसाळ्यात रात्री कराडहून परत येताना कुंभार्ली घाटात धुकं लागलं, काचेवर वाफ धरायला लागली म्हणून ब्लोअर फुल केला, वायपर चालू होतेच, आणि समोरचा उजेड असा पिवळा पडला की साईडची पांढरी पट्टी पण दिसेना. वळणावर इंडिकेटर दिला तर हेडलाईट त्याच्याबरोबर टिक टिक करत कमी जास्त व्हायला लागली! गाडी रेस करून बघितली तरी उजेड तेवढाच. पोफळीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जीव मुठीत धरून उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात नेली (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही). त्याने न बघताच सांगितलं बॅटरी वीक आहे. ५,२०० ची नवीन बॅटरी घातली, जुनी एक्सचेंजमध्ये ठेवून घेतली. चार दिवसांनी पाऊस लागला, परत तेच. मग म्हणे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो. तो तपासला कसा, तर गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढली आणि बंद पडते का बघितलं. हा प्रकार जुन्या डायनामोच्या गाड्यांना चालून जायचा, आताच्या गाडीत इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर असतो, अशी वायर काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि तो उडू शकतो, मग तीस-चाळीस हजाराला फोडणी. माझं नशीब म्हणून काही झालं नाही. अल्टरनेटर रिपेअर करून बसवायचे ८,८०० घेतले. बिघाड दाखवणारा स्कॅनर पण लावला, त्यात बिघाडाचा एकही कोड नाही. आणि लाईट? जशीच्या तशी.

शेवटी आमच्या आळीत एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक इलेक्ट्रिशियन काका आहेत त्यांना दाखवली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सेल्फ कसा लागतो रे?" म्हटलं एका झटक्यात. "अरे मग बॅटरी मेली असती तर सेल्फ लागला असता काय? सेल्फ शंभराच्या वर अँपिअर खातो, तुझे दोन बल्ब मिळून दहा पण खात नाहीत. आणि रेस केल्यावर लाईट वाढत नाही म्हणजे अल्टरनेटर पण नाही. तू अर्थिंग बघितलंस का?"

अर्थिंग म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. मग त्यांनी तीनशे रुपयातला साधा मल्टीमीटर काढला, २० व्होल्ट डीसीवर ठेवला. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६, म्हणजे फुल चार्ज. चालू करून हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावून १४.१, म्हणजे चार्जिंग पण उत्तम (१३.५ च्या खाली राहिलं तर अल्टरनेटरचा बेल्ट, कार्बन ब्रश बघायचे आणि १५ च्या वर गेलं तर त्याचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, ते म्हणाले). आता हेच बल्बच्या होल्डरवर मोजलं तर फक्त १२.०! दोन व्होल्टच्या वर मधल्या मध्ये गायब. ते गेले कुठे हे शोधायची पद्धत मला फार आवडली, कारण कुणालाही जमेल अशी आहे. लाईट चालू ठेवूनच मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडावर. चांगल्या गाडीत इथे शून्याच्या आसपास यायला पाहिजे, ०.२ म्हणजे फार झालं. माझ्या गाडीत १.७ आलं. ब्लोअर बंद केला की आकडा झर्रकन खाली, चालू केला की वर. म्हणजे सगळ्या वस्तूंचा करंट परत यायच्या वाटेवरच खोळंबा होता आणि त्याच वाटेने हेडलाईटचाही करंट जायचा, इंडिकेटरबरोबर लाईट का नाचत होती ते तेव्हा कळलं. आणि हॅलोजन बल्बचं असं असतं की व्होल्टेज ५ टक्के कमी झालं तर उजेड १५-१६ टक्के घटतो, त्या हिशोबाने माझा चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड गेला होता.

बॅटरी उचलून ट्रे काढला. खाली मायनसची बारकी वायर बॉडीला एका १० नंबरच्या बोल्टने लावलेली, आणि त्या लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली पुराचा गाळ, वाळून सिमेंटसारखा झालेला. बोल्ट फिरवला तर हिरवी-पांढरी पूड गळली आणि वायर हातातच आली, प्लॅस्टिकच्या आतली तांब्याची तार काळी पडून अर्धी तुटलेली. इंजिनची अर्थिंगची केबल वेगळी आणि शाबूत होती म्हणून सेल्फ लागत होता. जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, नवीन वायर, नवीन बोल्ट, वरून व्हॅसलिन. वायरचे २१० रुपये, काकांनी चहा सोडून काही घेतलं नाही. परत मोजलं तर ०.०८.

मधल्या काळात एकाने मला १०० वॅटचे बल्ब टाक म्हणून सांगितलं होतं, एकाने एलईडी. टाकले असते तर होल्डर वितळला असता नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले असते, आणि मूळ रोग तसाच.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी ही माहिती छापताना बॅटरी बदलण्याच्या आधी ही मोजमापं करायला सांगा, आणि दुकानदाराला मीटर लावून आकडा दाखव म्हणायला सांगा. पुरातून निघालेल्या गाड्या आमच्या भागात अजून पुष्कळ फिरतायत, कितीतरी सेकंडहँड विकल्या गेल्यात, आणि घेणाऱ्याला बॅटरीच्या ट्रेखाली काय आहे ते माहीत नसतं.

कळावे,
आपला एक वाचक, चिपळूण