काडी ऐकू आली, त्याबद्दल आभार

पडद्यावर एक बाई रिकाम्या खोलीत पहिल्यांदा स्टोव्ह पेटवते. संवाद नाही, संगीत नाही. काडी ओढल्याचा आवाज, मग स्टोव्हची भरभर. तिचा नवा संसार तिथंच सुरू होतो, आणि परवा कोल्हापुरात आम्ही हा सिनेमा दाखवला तेव्हा शेवटच्या रांगेलाही ती काडी ऐकू आली.

पंखे बंद करणाऱ्या दादांचे पहिले आभार. नुसता आवाज वाढवून असा सिनेमा ऐकू येत नाही. कुजबुजीसाठी वाढवला की पुढच्याच दृश्यातला एसटीचा हॉर्न कानठळ्या बसवतो. आधी खोलीची घरघर उतरवावी लागते.

प्रोजेक्टरजवळच्या भावानं लॅपटॉप ६० वरून २४ हर्ट्झवर आणला, म्हणजे पडदा सेकंदाला ६० ऐवजी सिनेमाच्या फ्रेमइतकाच, २४ वेळा ताजा होतो. नाहीतर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा पडते, आणि कॅमेरा हळू फिरताना चित्र अडखळतं. ५.१ ची, म्हणजे सहा चॅनेलमध्ये आवाज वाटलेली फाईल दोन स्पीकरवर वाजवताना संवादांचा मधला चॅनेल दोन्हीकडे मिसळला का, तेही त्यानंच तपासलं. ही मिसळ चुकली तर गाड्यांचे आवाज येतात, माणसांचे संवाद गायब! (तर्रीची चुकलेली एकवेळ चालेल.)

मधल्या वाटेवर सतरंज्या अंथरणाऱ्या काकू, तुम्हाला हे सुचलं कसं? नव्या कोल्हापुरी चपलेची करकर अशा सिनेमात गोळीबारासारखी वाटते. भडंगाच्या पुड्या दारातच ठेवून घेणाऱ्या पोरांनाही शाबासकी.

निळ्या काठाची एक सतरंजी आमच्याकडेच राहिली आहे. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.