दोन युरोची तबकडी

डब्लिन,
१६ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आई कुणाला बोलू देत नाही आणि तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते.

गेल्या शनिवारी जुन्या सामानाच्या दुकानात दोन युरोला एक तबकडी मिळाली. काळं कव्हर, कोपरे झिजलेले. ‘प्लँक्स्टी’ नावाच्या चौघा आयरिश गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची, १९७३ सालची. क्रिस्टी मूर, डोनल लनी, अँडी अर्वाइन आणि लिअम ओफ्लिन. खरं सांगायचं तर कव्हर आवडलं म्हणून घेतली, वाजवायला माझ्याकडे काय आहे? घरमालकीणबाईंनी मात्र ती हातात घेतली, दोन्ही बाजू फडक्यानं पुसल्या आणि आपल्या जुन्या यंत्रावर सुई टेकवली.

पहिलं गाणं भटक्यांच्या मागे घरदार, मऊ गादी आणि नवरा सोडून निघालेल्या एका बड्या घरच्या बाईचं. तारा नुसत्या खणखणतात. मी भांडी पुसत होते. गाणं संपलं असं वाटतं तोच, मध्ये श्वासही न घेता, संथ चाल सुरू होते. बाबा, मला वाटलं, कुणीतरी पेटी आणि सनई एकदम वाजवतंय. बशी हातात तशीच राहिली.

ते वाद्य म्हणजे इलिन पाइप्स, ‘कोपराची पिपाणी’ म्हणा. तोंडानं फुंकायचीच नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी. हवा कोरडी राहते, रीड ओलावत नाही. मांडीवर आडव्या तीन नळ्या एकच सूर धरून असतात. आपल्याकडे सनईवाल्याशेजारी सूर धरायला वेगळा माणूस बसतो. इथे सगळं एकाच्याच अंगावर. वर मनगटानं दाबायच्या किल्ल्या आहेतच. सात वर्षं शिकायचं, सात रियाझ करायचा, सात वाजवायचं, मग कुठे पायपर होतो, असं इथले लोक म्हणतात.

त्या संथ चालीचं नाव ‘तुझा हात दे’. ती रोरी डाल नावाच्या हार्पवादकाची, चारशे वर्षांपूर्वीची, असं मानतात. ‘डाल’ म्हणजे आंधळा. तबकडीवर आणखी दोन चाली आहेत, टर्लो ओकॅरोलन या हार्पवादकाच्या. तो अठराव्या वर्षी देवीच्या रोगानं आंधळा झाला आणि पुढे जन्मभर घोड्यावरून गावोगाव फिरला. ज्याच्या घरी उतरायचा त्याच्या नावे चाल बांधायचा. तसल्या चालींना ‘प्लँक्स्टी’ म्हणत, तेच नाव या चौघांनी घेतलं.

काल स्मिथफील्डच्या ‘कॉबलस्टोन’मध्ये प्रत्यक्ष ऐकायला गेले. आई, पब आहे, पण मी चहाच घेतला. स्टेज वगैरे नाही. वाजवणारे एका कोपऱ्यात एकमेकांकडे तोंड करून बसतात, आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं, आपलं भजनी मंडळ तरी कुठे लोकांकडे बघतं? ‘जिग’ म्हणजे इथली नाचाची चाल, सहा मात्रांची, तीन-तीन. टेबलावर बोटांनी दादरा धरला तर चक्क बसला. पुढची चाल मात्र नऊची निघाली आणि मी पडले बाहेर.

पायपर आजोबांच्या मांडीवर चामड्याचा तुकडा बांधलेला होता. स्वर तोडायचा की बोटांनी वाजवायच्या नळीचं खालचं तोंड त्यावर दाबायचं. तुकडा इतका घासला होता की काळा पडून चकाकत होता.

तबकडीवर त्या संथ चालीतच एक ओरखडा आहे, सुई तिथे दरवेळी एक स्वर गिळते. त्यामुळे चाल पेटीवर काढायला सोपी जाणार नाही, पण तुम्ही काढाल. रविवारी ऐकवीन. तुमच्या पेटीचा भाता शिवून आणला का? नसेल तर शनिवारपर्यंत आणा.

तुमची,
मनू