रेसिडेंट मॅडम, केसपेपरच्या मागे काढलेल्या त्या नरसाळ्यासाठी थँक्यू

मॅडम, आम्ही तुम्हाला आठवणार नाही कदाचित, न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत रोज किती गर्दी असते ते मी बघितलंय. ४ वर्षांचा मुलगा, खोकला आला किंवा जोरात हसला की मान मागून धरून रडायचा, पाणी पिताना ठसका लागायचा, तो माझा.

त्या दिवशी एमआरआयचा रिपोर्ट हातात होता आणि मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटत होता, टॉन्सिल. घरी सगळ्यांना वाटलं घशातले टॉन्सिल, सासूबाईंनी हळद-दूध चालू केलं, आणि मी रात्री मोबाईलवर रिपोर्टमधलं आजाराचं नाव, किआरी, टाकून बघितलं तर पाठीवर गाठ असलेली बाळं, डोक्यात पाणी झालेली बाळं, पहाटेपर्यंत तेच वाचत बसले. त्याच्या आधी एका डॉक्टरांनी "शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं करतो" असं सांगितलेलं आणि मी पण त्याला ओरडायचे, दोनदा तर मारलं सुद्धा. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

तुम्ही तेव्हा जेवला पण नव्हतात, ३ वाजून गेले होते. तरी केसपेपर उलटा करून त्यावर नरसाळं काढलंत. म्हणालात, कवटीच्या तळाला भोक असतं, तिथून मज्जारज्जू खाली पाठीत जातो. ह्याच्या कवटीची मागची खोली जन्मापासूनच लहान घडलीये, मेंदू नीट आहे पण त्याला जागा पुरत नाही, म्हणून लहान मेंदूची खालची टोकं त्या भोकातून खाली सरकलीत. त्या टोकांचं नाव टॉन्सिल, घशाशी काही संबंध नाही. नरसाळ्याच्या तोंडात काही अडकलं की पाणी कसं तुंबतं, तसं मेंदू-मणक्यातलं पाणी तिथे अडतं, आणि खोकताना दाब वाढला की मागे कळ येते. पहिल्यांदा मला कळलं की माझं पोर खोटं रडत नव्हतं.

मी रात्रभर वाचलेलं ते किआरीचं टाईप २ होतं, ह्याचं टाईप १ आहे हेही तुम्हीच सांगितलंत. टोकं ९ मिमी खाली सरकलीत हे रिपोर्टमध्ये बघून मी घाबरले होते, तर म्हणालात साधारण ५ च्या वर असेल तर किआरी म्हणतात, पण नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही, कुणाला १२ असून त्रास नसतो, आपण मुलाकडे बघायचं. झोपेत घोरताना श्वास थांबतो का, हातातली ताकद कमी होते का, गरम लागलेलं कळतं का, पाठ वाकडी दिसते का. आणि मालिशवालीला मान मोडू द्यायची नाही. हे सगळं तुम्ही मराठीत लिहून दिलंत.

पण सगळ्यात मोठं काम तुम्ही केलंत ते सासूबाईंशी बोललात. पोटुशी असताना ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्या रिपोर्ट आल्यापासून तेच बोलत होत्या आणि खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं. तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, आजी, हे हाड पोटातच लहान तयार झालं, विळीने नाही आणि ग्रहणानेही नाही, सूनबाईंनी काहीच चुकीचं केलेलं नाही. प्राग शहरातल्या हान्स किआरी नावाच्या डॉक्टरांनी हे १८९१ मध्ये लिहून ठेवलंय हे पण सांगितलंत, का कोण जाणे पण त्यांना तेच जास्त पटलं, एवढा जुना आजार आहे म्हणजे आपल्या घरातून आलेला नाही म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही. माझ्या नवऱ्याला जे जमलं नाही ते तुम्ही दहा मिनिटांत केलंत.

पुढे पूर्ण पाठीच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूत पाण्याची पोकळी निघाली, मग ऑपरेशन झालं, मागचं थोडं हाड आणि मानेच्या पहिल्या मणक्याचा मागचा भाग काढून जागा मोकळी केली. सही करताना हात थरथरला पण काय करणार आहेत ते मला माहीत होतं, मी सर्जनना तीन प्रश्न विचारले, आधी मी विचारूच शकले नसते.

ऑपरेशननंतर दोनदा तुम्हाला शोधत आले, तुमची टर्म संपली होती म्हणून इथे लिहितेय. पोकळी कमी झालीये मॅडम, मागच्या महिन्यात एमआरआय झाला. परवा तो आजीबरोबर हसून हसून लोळला आणि मानेला हात लावला नाही. तुमचं नरसाळं फाईलमध्ये सगळ्यात वर लावलंय, नव्या डॉक्टरांना तो स्वतःच दाखवतो. आमच्याकडे कधीही जेवायला या, दुपारी ३ च्या आत.