मुक्या खांबानंतर

प्रिय सखे,

तुझं पत्र आणि क्रोशाच्या सुईने विणलेला तुकडा, दोन्ही पोचलं. मुके खांब, म्हणजे वेढा न घेता विणलेले ठेंगणे टाके, छान एकसारखे आलेत. त्यावर विणलेला उंच खांबांचा भाग मात्र वर जाता जाता निमुळता झालाय, आणि तू लगेच लिहून मोकळी झालीस की ‘मला उंच खांब जमतच नाहीत’. जमतात गं! तुकडा उलटसुलट करून पाहिला, खांबांत काही खोट नाही. सगळी गडबड कडेला आहे.

आधी उंच खांबाचं उरकते, कारण त्यात नवीन काहीच नाही. साध्या खांबाला सुई घालण्याआधी दोऱ्याचा एक वेढा घेतेस ना, तसे दोन घ्यायचे. सुई घालून दोरा ओढलास की सुईवर चार टाके होतात. मग वेढा घेऊन दोनातून काढ, पुन्हा दोनातून, पुन्हा दोनातून. झाला खांब. तीन वेढे घेतलेस तर सुईवर पाच टाके येतील आणि चारदा काढावं लागेल. वेढे जितके, त्याहून एकदा जास्त काढायचं, एवढं डोक्यात ठेव, म्हणजे पाठांतर नको.

आता कड. उंच खांबाची ओळ सुरू करताना सुईला आधी त्या उंचीवर न्यावं लागतं, म्हणून साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढलेले नुसते टाके, घालायच्या: मुक्या खांबाला 1, एका वेढ्याच्या खांबाला 3, दोन वेढ्यांच्या खांबाला 4, तीन वेढ्यांच्या खांबाला 5. मुक्या खांबाची ती एकुलती साखळी सहसा मोजत नाहीत. तिथली सवय तू इथेही चालवलीस, आणि घोळ तिथेच झाला. उंच खांबात या साखळ्या म्हणजेच ओळीतला पहिला खांब. त्यामुळे त्यांच्या अगदी बुडाशी असलेलं घर, म्हणजे सुई घालायची मागच्या ओळीतली जागा, सोडायचं आणि पुढच्या घरात विणायला घ्यायचं. परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या माथ्यावर, म्हणजे सगळ्यांत वरच्या साखळीत घालायचा. तू ती साखळी दर ओळीला सोडली आहेस, म्हणून दर वेळी एक खांब कमी होत गेला. उलट कोणी बुडाच्या घरातही खांब घातला, तर तुकडा पसरत जातो. वरची साखळी घालून झाली की तिच्यात लगेच दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवून ठेव. परत येताना ती डोळ्यांतून निसटत नाही.

सुरुवातीच्या साखळ्यांचा हिशोबही हाच. दोन वेढ्यांचे 15 खांब हवे असतील तर 18 साखळ्या घाल आणि सुईपासून पाचव्या साखळीत पहिला खांब घे. सोडलेल्या चार साखळ्यांचा एक खांब धरायचा. कडेशी लांबट भोक दिसलं आणि तुझ्या साखळ्या मुळात सैल असल्या, तर वळताना चाराऐवजी तीनच घाल. मला तरी तीनच बऱ्या वाटतात.

दुसरी गोष्ट उंचीची. घरातून ओढलेला पहिला टाका जितका वर येतो, त्यावर अख्ख्या खांबाची उंची ठरते. एकदा ताणून, एकदा आखडून ओढलास तर ओळ दातरी होते. आणि वेढे सुईच्या टोकाजवळच्या बारीक मानेवर घेऊ नकोस. तिथे ते आवळले जातात आणि सुई अडते. जाड दांड्यावर घे आणि तर्जनीने धरून ठेव, नाहीतर घरात सुई घालतानाच एखादा निसटतो. फार ढिले राहिले तर खांबाच्या मधोमध दोरा लोंबतो.

नमुना वाचून विणणार असशील तर आधी तो अमेरिकन की ब्रिटिश ते बघ. ब्रिटिश ‘ट्रेबल’ एका वेढ्याचा असतो, अमेरिकन ‘ट्रेबल’ दोन वेढ्यांचा. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ लिहिलेलं असलं तर तो अमेरिकन.

शाल विणायचं म्हणतेस, तर उंच खांबच घे. काम भराभर वाढतं आणि कापड अंगावर छान पडतं. तुझ्या त्या भरलेल्या खेळण्यांना मात्र मुका खांबच बरा, उंच खांबांच्या फटींतून आतला कापूस डोकावतो. गोल विणताना पहिल्या फेरीत मुके खांब सहा पुरतात. एका वेढ्याचे बारा लागतात, दोन वेढ्यांचे सोळा-अठरा. कमी घातलेस तर गोल वाटीसारखा वळतो, जास्त झाले तर झालरीगत फुगतो.

आणि एक गंमत. मुक्या खांबांच्या ओळीत मध्येच एक दोन वेढ्यांचा खांब घालून बघ. शेजारी ठेंगणे असल्यामुळे त्याला उभं राहायला जागा मिळत नाही, तो दुमडून मागच्या बाजूला मण्यासारखा फुगतो. म्हणून असे मणी उलट बाजूच्या ओळीत घालायचे, म्हणजे ते सुलट बाजूला दिसतात. शालीच्या काठाला शोभतील.

तीन वेढ्यांच्या मागे एवढ्यात लागू नकोस. हा तुकडा उसवून त्याच लोकरीत दोन वेढ्यांच्या आठ-दहा ओळी घाल, प्रत्येक ओळीअखेर खांब मोज आणि मला पाठव. शालीसाठी कोणता रंग घेतेयस तेही कळव. फार गडद घेऊ नकोस, त्यात घरं दिसत नाहीत.

तुझीच,
मैत्रीण