सही करण्याआधी

सांगली

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोललेली नाही. वेळेवर वाढते, गोळीची आठवण करते, पण तुझा विषय काढला की उठून जाते. तिचं म्हणणं, भाकरीच्या शेडवरच्या बायकांच्या बचत गटाला बँकेचं कर्ज मिळतंय, मी जामीन राहते, असं पोरगी एवढ्या उमेदीनं सांगत होती आणि तुमच्या तोंडून पहिलं काय निघालं तर ‘जामीन राहू नकोस’. निघालं खरं. फोनवर माझं बोलणं नेहमीच तुटक होतं, म्हणून लिहायला बसलो. जामिनाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवूनच बसलो आहे.

आधी जे त्या दिवशी सांगायचं राहिलं ते सांगतो. श्रावणात मी तुझ्याकडे जतला येऊन गेलो, तेव्हा परतीच्या एसटीत मला फार बरं वाटत होतं. तुझी ती पत्र्याची शेड, चुलींची रांग, धुरानं काळी पडलेली तुळई, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. तू ज्यांना मावशी म्हणतेस त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईंची भाकरी मी बराच वेळ बघत उभा होतो. शाळूचं पीठ, त्यावर तळव्याचा दाब, परात फिरत राहते आणि भाकरी कागदासारखी होत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. मग शेकून झाल्यावर चुलीच्या कडेला धगीला उभी करून ठेवतात, कडक होईपर्यंत. माझ्या आईच्या हाताला हे वळण होतं, तुझ्या आईलाही ते जमलं नाही (हे तिला वाचून दाखवू नकोस).

तेवढ्यात तो सोलापूरचा व्यापारी आला. चाळीस डझन घेतो, रोख देतो, पण डझनामागं तीन रुपये कमी करा म्हणाला. तू मोबाईल काढलास. मावशींनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि तुझा आकडा यायच्या आत म्हणाल्या, “एकशेवीस रुपयं सोडायचं कशापायी? पंधरा दिसांनी दे, पर पुरं दे.” व्यापारी हसला आणि पुरे देऊन गेला. मी उभी हयात बँकेत काढली. उधारीची किंमत एवढ्या चटकन मांडणारे अधिकारी मी फार थोडे पाहिले.

तेव्हाच मला म्हसवडची आठवण झाली. तुला ती गोष्ट माहीत आहे, चेतनाताई सिन्हांचं नाव घेतच तू पुण्याची नोकरी सोडलीस. पण मी ती बँकेतल्या माणसाच्या कानांनी ऐकली आहे, म्हणून पुन्हा लिहितो. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना पावसाआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि एवढ्याशा रकमेचं खातं कुठलीच बँक उघडून देईना. मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. अर्ज रिझर्व्ह बँकेत गेला आणि परत आला, कारण प्रवर्तक म्हणून ज्यांची नावं होती त्यांनी सह्यांच्या जागी अंगठे उठवले होते. ताई रडत परत आल्या, तर बायकाच म्हणाल्या, रडता कशाला, आम्ही शिकतो की. दिवसभर रानात राबून संध्याकाळी अक्षरं गिरवली. काही महिन्यांनी त्या स्वतः मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आमच्या लहानपणी शाळा नव्हती, पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

तू म्हणशील, अण्णा, मी तेच तर करते आहे. करते आहेस, आणि मला त्याचा अभिमान आहे. मात्र त्या बँकेचा पहिला ताळेबंद आठव. १,३३५ सभासद आणि ७ लाख ८ हजार रुपयांचं भागभांडवल. तो पैसा बायकांनी स्वतःच्या कनवटीचा घातलेला होता. त्यांच्या वतीनं कुणी एकट्यानं जामिनाची सही केली नव्हती.

बघ, आलोच मी त्याच विषयावर. आलोच आहे तर पुरतं लिहितो.

जामीनदार म्हणजे ओळखदार, असं तुला तो शाखाधिकारी सांगत असेल. ‘मॅडम, फॉर्मॅलिटी आहे’ हे शब्द मी माझ्या टेबलासमोर शेकडो वेळा ऐकले आहेत. करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. बँकेनं आधी कर्जदाराच्या दारात जावं आणि मग तुझ्या, असं कुठंही लिहिलेलं नाही. जिथून वसूल होईल तिथं ती जाते. कर्ज सहकारी बँकेचं असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला निघतो आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. आपल्या तात्यांनी पाहुण्याच्या त्या पाणी उपशाच्या लिफ्टच्या कर्जातला एक रुपया हाताळला नव्हता. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, एवढ्यावर जामिनाची सही केली. तू तात्यांना देवळाच्या ओट्यावर बसलेलं पाहिलंस, त्याच्या आधीचे तात्या तू पाहिले नाहीस. वडाखालचं रान गेलं त्या वर्षी ते दिवाळीला घराबाहेर पडले नाहीत. तलाठ्यानं बोजा चढवला तेव्हा मी बरोबर होतो.

हे भाषण झालं. तू तिशीला आलीस, सव्वाशे घरांचा संसार बघतेस, तुला कलमं शिकवायची मला गरज नाही. माफ कर. पण तुझ्या नावावर आहे काय? एक दुचाकी आणि आजीच्या पाटल्या. पाटल्या कुठं आहेत हे तुझ्या आईला विचारायचं आहे, ती विचारत नाही, म्हणून मी विचारतो. २०१२ च्या दुष्काळात माणमधली केराबाई दागिने गहाण टाकायला त्या बँकेत आली होती, जनावरांच्या चाऱ्यापाण्यासाठी. तिची वेळ बघून चेतनाताईंनी म्हसवडला छावणी उघडली आणि ती वर्षाहून अधिक चालवली. तुझी वेळ आली तर बघायला कोण आहे, असं रात्री मनात येतं. मी आहे, आई आहे, पण आम्ही किती दिवस?

आजीचंच निघालं म्हणून सांगतो. तुझ्या जन्माआधी आमच्या गल्लीत तिची भिशी होती. कागद नाही, वही नाही. उतरंडीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, प्रत्येक बाईची एक ओळ. दिवाळीला भिंत सारवायची वेळ आली की सगळ्या जणी आदल्या दिवशी येऊन आपापली ओळ बघून जायच्या आणि आजी पुढचे दोन दिवस सगळ्यांचे आकडे डोक्यात धरून ठेवायची. सारवण वाळलं की तोंडपाठ परत उतरवायची. एकदा रखमा न्हाविणीला हप्ता जमेना, तर बाकीच्यांनी मिळून तिचा भरला आणि ती त्यांच्या रानात भांगलायला गेली. मला त्या भिंतीसमोर बसवून आजीनं बेरीज शिकवली. बँकेच्या परीक्षेला मी बसलो तेव्हा ती म्हणाली होती, “तुझ्या बँकेत रेघा मोठ्या असतील, एवढंच.” तू त्या वेळी असतीस तर तिच्याशी तुझं फार पटलं असतं.

तू पाच वर्षांची असताना माझ्या शाखेत आली होतीस आणि ‘रोख दिले’चा शिक्का सगळ्या टेबलावर मारून ठेवला होतास. एक भाजीवाली बाई पिग्मीचं पुस्तक भरायला आली होती, तिच्या पुस्तकावरही मारलास. ती रागावली नाही. पदराच्या गाठीतून पेरू काढून तुला दिला आणि म्हणाली, साहेब, हिला कामाला ठेवा. हे सारखं आठवतं हल्ली.

असो. मुद्द्याचं बोलतो.

तो बँकवाला सही का मागतो हे मी समजून घेतलं. बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या कुठल्याही ताईंना विचार. मग अडलं कुठं? तुमच्या रजिस्टरमध्ये. दिवाळी झाली की निम्म्या बायका ऊसतोडीला, कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घरात आलेली, ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने बैठक नाही, बचत नाही, इतिवृत्त कोरं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब या पाचांतली पहिली दोनच मोडली की गटाचं मूल्यांकन पडतं, आणि बँक म्हणते, बाहेरचा भरवशाचा माणूस आणा. म्हणजे ज्या उचलीतून त्यांना सोडवायला तू भाकरीची शेड उभी केलीस, तीच उचल त्यांना कर्जासाठी नालायक ठरवते. हे बघून मला त्या रात्री संताप आला. तुझ्यावर ओरडलो त्यात निम्मा तो संताप होता.

मला सुचतं ते असं. रजिस्टर टोळीबरोबर पाठव. एका वस्तीच्या बायका बहुधा एकाच कारखान्यावर असतात. तिथल्या कोप्यांवर, झोपड्यांपाशी, बैठक होऊ शकते, महिन्यातून एकदा, फडावरची तोड बंद असेल त्या दिवशी. पन्नास रुपयेच जमू देत, पण तारीख पडू दे, अंगठे-सह्या पडू देत. जी शिकलेली असेल तिनं चार ओळी लिहाव्यात. दोन हंगामांचं असं रजिस्टर घेऊन तू बँकेत गेलीस तर कुणाची टाप नाही तुझी सही मागायची.

आणि शेड, मशीन, पॅकिंग हे सगळं आज तुझ्या नावावर उभं आहे. ते त्यांच्या नावावर कर. अहमदाबादला इलाबेन भटांनी १९७४ मध्ये सेवा बँक काढली ती ४,००० बायकांच्या दहा-दहा रुपयांच्या शेअरवर. लिज्जतच्या सात जणींनी १९५९ मध्ये गिरगावात गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले; देणगी घ्यायची नाही, नफा वाटून घ्यायचा आणि तोटाही वाटून घ्यायचा, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. तोटा वाटून घ्यायची सवय मावशींना लागू दे. तू सगळा तोटा आपल्या अंगावर घेतेस, तेव्हा त्यांचा मान कमी होतो असं मला वाटतं. कदाचित चुकत असेन. कदाचित माझी भीतीच एवढं शहाण्यासारखं बोलत असेल. तू नाही म्हणालीस तरी मी हे मत बदलणार नाही, तेवढा हट्टी मी आहे आणि तो हट्ट तुझ्यातही उतरला आहे.

पुण्यात होतीस तेव्हा तू दर महिन्याला पैसे पाठवायचीस, ते आम्ही खर्चले नाहीत. मुदत ठेवीत आहेत, तुझ्याच नावानं. शेअर भांडवलाला कमी पडले तर त्यातून घे. बुडाले तर बुडाले. पण तो पैसा ठरलेला आहे, किती बुडेल ते आधी कळतं. सहीचं तसं नाही गं.

आईनं मेतकूट आणि गुडघ्याचं तेल काढून ठेवलं आहे. तेल मावशींसाठी, चुलीसमोर बसून उठताना त्यांनी भिंत धरली होती ते मी तिला सांगितलं होतं. रात्री उशिरा वस्तीवरून निघत जाऊ नकोस, मुक्काम कर. येत्या सोमवारी पहिल्या गाडीनं येतो. बँकेत बोलायचं तू, मी बाहेर बाकावर बसेन. मंजुरीपत्राची झेरॉक्स मात्र मला आधी पाठव, मोबाईलवर फोटो पाठवलास तरी चालेल, सगळ्या पानांचा, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांसकट.

तुझे
अण्णा

ता. क. जामीनदाराच्या रकान्यातून नाव काढून ते तुला सहकर्जदार करू म्हणतील. त्यालाही हो म्हणू नकोस. ते कर्ज मग पहिल्या दिवसापासून तुझंच.