बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांना, उकळलेल्या चहाबद्दल

ती. काका,
शि. सा. नमस्कार.

प्रबंध परवा जमा केला. त्यात आभाराचं एक पान असतं. त्यावर कोणाचं नाव आधी आणि कोणाचं नंतर, हे ठरलेलं असतं. त्या रांगेत तुम्हाला कुठे उभं करू, कळेना. म्हणून हे उघड पत्र. ‘आभार कसले गं मानतेस’ म्हणून रागवाल, ते ऐकून घेईन.

प्रबंधासाठी मी कॉम्प्युटरवर रेणूंचं सिम्युलेशन करत होते, म्हणजे गणिताने द्रव उभा करून बघत होते. साडेतीन महिने त्यात माझं द्रव मिथेन हलकं येत होतं. 100 केल्विनला घनता 0.439 (ग्रॅम दर घन सेंटिमीटरला) यायला हवी, माझी 0.31 वर अडून बसलेली. दाखवायला गेले की एकच उत्तर: रेणू वाढवा, मोठं मशीन मिळवा, आणखी रन घ्या. (अनीसुर रहमान यांनी 1964 साली 864 अणूंवर द्रव आरगॉन उभा केला होता, तोही त्या काळच्या कॉम्प्युटरवर. पण हे बोलायचं कोणापुढे!) एका प्रेझेंटेशनला तर भर वर्गात ऐकवलं गेलं, ‘तुमचा पायाच कच्चा आहे.’ हसणारे हसले. माझा कोड उघडून मात्र कोणी पाहिला नाही.

तुमच्याकडे आले ती आईने दिलेला पुरणपोळीचा डबा द्यायला. तोंड उतरलेलं दिसलं असणार. तुम्ही विचारलंत, ‘काय चुकतंय?’ आणि मी रडायच्या बेतात असताना ‘किती चुकतंय?’ असंही विचारलंत. हा दुसरा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. तुमची सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत गेली. सिम्युलेशन कधी केलं नाही, हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. मग लाइट बिलाच्या पाठीवर पेन्सिलने भागाकार मांडलात. 0.439 भागिले 0.31. उत्तर 1.416. तुम्ही त्याभोवती गोल काढलात, क्षणभर थांबलात, कागद माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, ‘तू बघ जरा, मी चहा टाकतो.’

काका, तुम्हाला दिसलं होतं. 1.414, म्हणजे दोनाचं वर्गमूळ, इतकं जवळ असताना तुम्हाला दिसणार नाही असं होईल का! पण तुम्ही उठून आत गेलात.

मी त्या आकड्याकडे बघत बसले. आकारमान 1.41 पट, म्हणजे अंतर त्याच्या घनमुळाइतकं, 1.12 पट. आणि मग डोक्यात लख्ख पडलं. दोन रेणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात ते सांगणारं लेनार्ड-जोन्सचं सूत्र असतं, त्यात अंतर दोन तऱ्हांनी लिहायची पद्धत आहे. एक सिग्मा, जिथे दोन रेणूंमधली ऊर्जा शून्य होते. दुसरं आर-मिन, जिथे ती सगळ्यात खाली जाते. दुसरं पहिल्याच्या 1.12 पट. मी तक्त्यातलं आर-मिन, 4.19 अँगस्ट्रॉम, सिग्माच्या जागी टाकून बसले होते. हवं होतं 3.73. माझे रेणू साडेतीन महिने फुगलेले होते, मग द्रव हलकं येणार नाही तर काय! मोठं मशीन आणलं असतं तर तीच चूक जास्त वेगाने आली असती.

मी ‘काकाऽऽ’ म्हणून ओरडले तेव्हा कुठे तुम्ही बाहेर आलात. हातातला चहा काळा ठिक्कर झाला होता, दूध आटलेलं. इतका वेळ दोन कपांना लागत नाही, काका. तुम्ही गॅसपाशी नुसते उभे होतात, माझी वाट बघत. वर चेहरा कसा, तर काहीच माहीत नसल्यासारखा! ‘सापडलं? वा!’

चूक दाखवणारे खूप भेटले, तीही चारचौघांत. चूक शोधायला एकटीला जागा करून देणारे तुम्ही एकटेच. एवढी सभ्यता हल्ली कुठे शिकवत असतील तर मला तो वर्ग ठाऊक नाही.

त्या रात्री नवा रन लावला. सकाळी 0.44 आलं होतं. लाइट बिल परत दिलेलं नाही, देणारही नाही. भरलंत ना ते?

रविवारी शेव-उसळ घेऊन येते. चहा तुम्हीच टाका, फक्त या खेपेला वेळेवर उतरवा.

तुमची,
समोरच्या वाड्यातली