गेमबॉय टीव्हीला जोडताना: कन्व्हर्टर लावणार कुठे?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत जुन्या गेमिंग यंत्रांवर आलेल्या लेखात, निन्टेंडोच्या गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या गेमयंत्राला बाजारातला एचडीएमआय कन्व्हर्टर लावला की तो टीव्हीवर चालतो, असे म्हटले आहे. यावर विसंबून कोणी कन्व्हर्टर आणलाच, तर तो लावायला जागा सापडणार नाही. २००१ सालच्या या यंत्राला व्हिडिओचे सॉकेटच नाही. कंपनीने दिलेला मार्ग म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमक्यूब यंत्राखाली बसणारा, २००३ मधला गेमबॉय प्लेयर. हातातलेच यंत्र जोडायचे तर ते उघडून, पडद्याकडे जाणारे सिग्नल वाटेतच उचलावे लागतात.

गंमत म्हणजे हे सिग्नल मुळातच डिजिटल आहेत. लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ५ बिट, म्हणजे १५ तारा; शिवाय पिक्सेल क्लॉक (प्रत्येक ठिपका कधी वाचायचा ते सांगणारे ठोके), ओळीची सुरुवात आणि फ्रेमची सुरुवात. या १८ तारा एखाद्या छोट्या एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी प्रोग्राम करता येणारी चिप) बोर्डाला द्यायच्या. टँग नॅनो ९के या अशा बोर्डावर एचडीएमआयचे सॉकेट आधीच असल्याने तो सोयीचा. मात्र त्याच्या काही पिना १.८ व्होल्टच्या आहेत, गेमबॉयचे ३.३ व्होल्ट त्यांना देऊ नयेत. पडद्याच्या कनेक्टरवर दहा व्होल्टच्या वरचे धन आणि उणे पुरवठेही असतात. सोल्डरचा एक थेंब शेजारच्या पिनेवर ओघळला की एफपीजीए गेलाच. म्हणून वीज देण्याआधी प्रत्येक पिन शेजारणीशी मीटरने तपासावी. ४० आणि ३२ पिनांचे असे दोन प्रकारचे बोर्ड असतात, त्यांची पिनरचना वेगळी. वायर ३० गेजची, दहा सेंटिमीटरच्या आत.

खरी मेख वेळेची आहे. चित्र २४० बाय १६० चे. चौपट केले की ९६० बाय ६४०, ते ७२०पी (१२८० बाय ७२०) मध्ये काळ्या कडा ठेवून नेमके बसते. (तिप्पट केले तर ७२० बाय ४८०, म्हणजे तंतोतंत ४८०पी! पण टीव्ही ते ४:३ किंवा १६:९ मध्ये ताणतो आणि मूळचे ३:२ बिघडते.) गेमबॉय सेकंदाला ५९.७३ फ्रेम देतो, टीव्हीला हव्या ६०. दोन्ही आपापल्या चालीने जाऊ दिले, तर दर पावणेचार सेकंदांच्या आसपास एक फ्रेम दोनदा दिसते आणि सरकते दृश्य अडखळते. पूर्ण फ्रेम साठवावी म्हटले तर ती ५,७६,००० बिटांची. या चिपमधली ब्लॉक रॅम, म्हणजे आतली स्मृती, ४६८ किलोबिट. मावत नाही. बाहेरची रॅम वापरून ती मावेल, पण अडखळणे तसेच राहील. त्यापेक्षा साधारण ६४ ओळींचाच बफर (तात्पुरती साठवण) ठेवून टीव्हीची फ्रेम गेमबॉयच्या फ्रेमला बांधावी. ७२०पी च्या ७४.२५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉकवर नेहमीच्या ७५० (न दिसणाऱ्या धरून) ऐवजी कधी ७५३, कधी ७५४ ओळी पाठवल्या की हिशेब जुळतो. बहुतेक मॉनिटर हे मुकाट्याने घेतात, काही नखरेल टीव्ही मात्र क्षणभर काळे पडतात.

रंगांचे ५ बिट ८ करताना शेवटी नुसती शून्ये जोडू नयेत. तसे केले तर पांढरा २५५ ऐवजी २४८ वर अडकतो. वरचे तीन बिट खाली पुन्हा लिहावेत. मूळ पडदा अंधारा होता, त्यामुळे अनेक खेळांचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले. टीव्हीवर ते डोळ्यांत खुपतात, तेव्हा रंगदुरुस्तीचा तक्ता हवाच.

चित्रावर ठिपके चमकत असतील तर क्लॉकची उलटी कड वापरून पाहावी, म्हणजे ठोका चढताना वाचत असाल तर उतरताना वाचावे. एखाद्याच रंगात पट्टे दिसले तर त्या रंगाची एक तार सुटलेली असते. आवाज येत नाही ही तक्रार नेहमीची, पण तो दोष नव्हे: एचडीएमआयच्या सॉकेटातून पाठवलेला साधा डीव्हीआय (फक्त चित्राचा) सिग्नल आवाज नेतच नाही. त्यासाठी वेगळा एडीसी (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) आणि जादा कोड लागतो. घाई असेल त्याने हेडफोनच्या जॅकला स्पीकर लावावा.

आणखी एक. गेमबॉय बंद, टीव्ही चालू, तरी बोर्डावरचा दिवा मंद पेटलेला दिसतो. टीव्हीच्या बाजूचे ३.३ व्होल्ट केबलमधून उलटे शिरतात. अर्धवट जागा राहिलेला एफपीजीए पुढच्या वेळी नीट सुरू होत नाही. केबल काढून पुन्हा लावली की सुटते. कायमचा इलाज हवा असेल तर मध्ये उलटी वीज अडवणारी बफर चिप घालावी.

या कामासाठी पडदा गेलेला, पण बोर्ड शाबूत असलेला नग घ्यावा. धडधाकट यंत्र फोडण्याची गरज नाही.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतला एक वाचक, ठाणे